विमानाची वाट आणि घड्याळाचा हिशेब

आपल्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. तथापि येथील मुलेमुली शिक्षणास वा चाकरीस समुद्रापार जातात, आणि घरी आईबाप घड्याळाकडे डोळे लावून बसतात. म्हणून मुंबई ते लंडन हा प्रवास आम्ही उदाहरणादाखल घेतो.

प्रथम अंतर पाहू. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नये. कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना तिचे प्रदेश कमीअधिक ताणले जातात. त्याऐवजी पृथ्वीगोल घ्यावा. एक दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळावा. दुसरा मुंबई व लंडन यांमध्ये ताणून धरावा. ताणलेला दोरा जी वाट आपोआप धरतो, तीच सर्वांत जवळची होय. पहिल्या दोऱ्याचे १०० भाग कल्पिल्यास दुसरा सुमारे १८ भाग भरेल. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर; त्याचे शेकडा १८ म्हणजे ७,२०० किलोमीटर.

आता वेळ. समजा, जानेवारीत लंडनहून मुलाने कळविले, "सकाळी १० वाजता निघतो, प्रवास ९ तासांचा." आईने बोटे मोजली आणि सायंकाळी ७ पासून निरोपाची वाट पाहिली. विमान मुंबईस उतरले रात्री साडेबाराला! विमानास उशीर झालाच नव्हता. तरी साडेपाच तास त्या माउलीचा जीव टांगणीस लागला.

चूक कोठे झाली? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपली प्रमाणवेळ पूर्व रेखांश ८२½ अंशांची, लंडनची शून्य अंशाची. ८२½ भागिले १५ म्हणजे साडेपाच. लंडनला सकाळचे १० वाजतात, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन झालेले असतात. त्यांत ९ मिळवा, म्हणजे साडेबारा. उन्हाळ्यात लंडनची घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा धरावा.

जाताना मात्र त्याच अंतरास बहुधा अधिक वेळ लागतो. उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ते येताना विमानास पुढे रेटतात व जाताना अडवितात. पूर्वी हा प्रवास याहूनही दीर्घ होता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनीव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोहोचले.

अभ्यास : मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान जानेवारीत लंडनला तेथील सायंकाळी साडेसहा वाजता उतरले. प्रवासास किती तास लागले? साडेचार म्हणणाऱ्याने हा धडा पुन्हा वाचावा. १० म्हणणाऱ्याने तो घरी आईस समजावून सांगावा. जी विद्या घरातील एका जिवाची काळजी हलकी करते, ती देवाचे देणेच होय, असे आम्ही मानतो.