तेल्मो थार्रा : एका विक्रमाचा अर्थ

फुटबॉलच्या मैदानावरील अकरा खेळाडूंपैकी आघाडीच्या खेळाडूचे मोजमाप करणे सर्वांत सोपे वाटते. बचावपटूने किती हल्ले परतविले हे सहसा कोणी लक्षात ठेवीत नाही. गोल मात्र मोजले जातात, छापले जातात आणि पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतात. त्यामुळे आघाडीच्या खेळाडूची सारी कारकीर्द पुष्कळदा एका संख्येत आटोपली जाते. स्पेनच्या तेल्मो थार्राच्या बाबतीत ती संख्या २५१ ही होय. १९४० ते १९५५ या काळात स्पेनच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेच्या पहिल्या श्रेणीत त्याने इतके गोल केले आणि हा विक्रम त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे अबाधित राहिला. ही संख्या कशी वाचावी, तिच्यात कोणाकोणाचा वाटा आहे आणि तिच्यात काय मावत नाही, हे येथे पाहावयाचे आहे.

पेद्रो तेल्मो थार्राओनान्दिया मोन्तोया असे त्याचे संपूर्ण नाव. उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशात, बिल्बाओ शहरानजीक आसुआ येथे २० जानेवारी १९२१ रोजी त्याचा जन्म झाला. वडील तेथील रेल्वे स्थानकाचे स्टेशनमास्तर होते. थोरला भाऊ तोमास हा नावाजलेला गोलरक्षक होता. बिल्बाओ हे लोखंडाच्या खाणींचे, पोलादाच्या कारखान्यांचे आणि जहाजबांधणीचे शहर. व्यापाराच्या निमित्ताने तेथे ब्रिटिश खलाशी व तंत्रज्ञ येत. त्यांच्याबरोबरच फुटबॉलही आला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅथलेटिक या तेथील क्लबाने पुढे एक अलिखित नियम स्वीकारला : संघात खेळावयाचे ते बास्क खेळाडूंनीच. इतर मोठे क्लब देशोदेशींचे खेळाडू विकत घेत असताना या क्लबाला मात्र आसपासच्या गावांतून वर येणाऱ्या मुलांवरच विसंबून राहावे लागे.

या नियमाची खरी कसोटी यादवी युद्धाने घेतली. १९३६ मध्ये अ‍ॅथलेटिकने साखळी स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये युद्धाला तोंड फुटले. साखळी स्पर्धा तीन हंगाम बंद पडली. एप्रिल १९३७ मध्ये गेर्निका हे बास्क गाव बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाले. जूनमध्ये बिल्बाओ पडले. बास्क खेळाडूंचा एक निवडक संघ निर्वासितांच्या मदतीसाठी युरोपच्या दौऱ्यावर गेला होता. त्यातील बहुतेक जण मायदेशी परतले नाहीत. ते मेक्सिकोत व दक्षिण अमेरिकेत स्थायिक झाले. १९३९ मध्ये युद्ध संपले तेव्हा विजेत्या संघाचा सांगाडाच काय तो उरला होता. नव्या राजवटीने परकीय शब्दांना बंदी केली आणि १९४१ मध्ये क्लबाला आपले इंग्रजी वळणाचे नावही बदलून ‘अ‍ॅटलेटिको’ असे करावे लागले. मूळ नाव परत मिळावयास तीन दशके लोटली.

अशा रिकाम्या झालेल्या संघात १९ वर्षांचा थार्रा १९४० साली एरांदिओ या छोट्या क्लबातून दाखल झाला. २९ सप्टेंबर १९४० रोजी व्हॅलेन्सियाविरुद्ध तो पहिला साखळी सामना खेळला. सामना २–२ असा बरोबरीत सुटला; बिल्बाओचे दोन्ही गोल त्याचेच होते. त्याच्याभोवती हळूहळू पाच जणांची आघाडीची फळी उभी राहिली. उजव्या बगलेवर इरिओन्दो, त्याच्या आतल्या बाजूस वेनान्थिओ, मध्यभागी थार्रा, डाव्या अंगाला आत पानिथो आणि डाव्या बगलेवर गाइन्था. ही पाच नावे एका दमात उच्चारण्याची सवय स्पेनमधील एका संपूर्ण पिढीला लागली होती. १९४३ मध्ये या संघाने साखळी स्पर्धा आणि बाद फेरीची चषकस्पर्धा अशा दोन्ही जिंकल्या. १९४४ आणि १९४५ मध्ये चषक पुन्हा त्यांच्याकडेच राहिला.

थार्राच्या खेळाचे मर्म समजावयाचे तर या फळीची रचना ध्यानात घ्यावी लागते. पानिथोकडे चेंडूवरील हुकमत होती आणि खेळाची गती केव्हा मंदावावी याची जाण होती. गाइन्था बगलेवरून बचावपटूंना चकवून चेंडू गोलासमोर उंच टोलवी. त्या क्षणी तेथे पोहोचणे हे थार्राचे काम. तो कसबी चकवेबाज नव्हता. ताकद, धाडस आणि चेंडू कोठे पडणार याचा अचूक अंदाज हे त्याचे भांडवल. उंच आलेला चेंडू डोक्याने मारण्यात तो इतका तरबेज होता की, चर्चिल यांच्यानंतर युरोपातील सर्वोत्तम डोके थार्राचेच, अशी थट्टा त्या काळी रूढ झाली. थट्टेतील कौतुक खरे असले तरी त्या डोक्यापर्यंत चेंडू पोहोचविणारे पाय दुसऱ्यांचे होते, हे विसरून चालणार नाही.

१९५० हे वर्ष त्याच्या कारकिर्दीचे शिखर म्हणावे लागेल. मे महिन्यात माद्रिद येथे झालेल्या चषकाच्या अंतिम सामन्यात बिल्बाओने वाय्यादोलिदचा ४–१ असा पराभव केला. चारही गोल थार्राने केले. त्यांपैकी तीन ज्यादा वेळेत. पुढच्याच महिन्यात ब्राझीलमध्ये विश्वचषक स्पर्धा सुरू झाली. याच स्पर्धेत भारतालाही स्थान मिळाले होते, परंतु आपला संघ गेला नाही. स्पेनने अमेरिका आणि चिली यांना हरविले. २ जुलै रोजी रिओ दि जानेरोच्या माराकाना मैदानावर गाठ पडली ती इंग्लंडशी. उत्तरार्ध सुरू होऊन थोडाच वेळ झाला असता गाइन्थाने डोक्याने आत वळविलेला चेंडू थार्राने जाळ्यात धाडला. सामना १–० असा संपला आणि इंग्लंड स्पर्धेबाहेर गेले. नभोवाणीवरून मातीआस प्रात्स यांनी केलेले त्या गोलाचे वर्णन स्पेनभर ऐकले गेले. जगाने वाळीत टाकल्याची भावना बाळगणाऱ्या फ्रँकोच्या राजवटीने या विजयाचा प्रचारासाठी मनसोक्त उपयोग केला. ज्या प्रदेशाचे शब्ददेखील दडपले जात होते, त्याच प्रदेशातील दोन खेळाडूंनी तो गोल घडविला, ही त्यातील विसंगती. अंतिम गटात स्पेनला ब्राझील आणि स्वीडन यांच्याकडून हार पत्करावी लागली व चौथे स्थान मिळाले. २०१० मध्ये विश्वचषक जिंकेपर्यंत स्पेनची ती सर्वोत्तम कामगिरी होती. राष्ट्रीय संघासाठी थार्रा एकूण २० सामने खेळला आणि त्याने २० गोल केले.

१९५०–५१ च्या साखळी हंगामात त्याने ३० सामन्यांत ३८ गोल केले. १९९० मध्ये मेक्सिकोच्या ऊगो सांचेथने हा आकडा गाठला. तो ओलांडला गेला २०११ मध्ये. सर्वाधिक गोल करणाऱ्यास देण्यात येणाऱ्या ‘पिचिची’ या बहुमानावर थार्राचे नाव सहा वेळा कोरलेले आहे. विशेष म्हणजे पिचिची हा अ‍ॅथलेटिकचाच, १९२२ मध्ये अकाली निवर्तलेला, आघाडीचा खेळाडू.

परंतु त्याच्या लौकिकातील एक प्रसंग कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. मालागाविरुद्धच्या एका सामन्यात प्रतिस्पर्धी गोलरक्षक जखमी होऊन पडला. चेंडू थार्राच्या पायाशी होता आणि समोर गोल मोकळा. नियमाने तो गोल वैध ठरला असता. थार्राने चेंडू मैदानाबाहेर मारला. मालागाच्या क्लबाने त्याला पुढे आपले सुवर्णचिन्ह देऊन गौरविले. २५१ या संख्येत हा न केलेला गोल नाही. तरीही त्या संख्येला प्रतिष्ठा आली ती अशाच वागणुकीमुळे.

१९५५ मध्ये त्याने अ‍ॅथलेटिक सोडले, दुय्यम श्रेणीतील इंदाउचू आणि नंतर बाराकाल्दो या क्लबांकडून तो खेळला व १९५७ मध्ये निवृत्त झाला. २३ फेब्रुवारी २००६ रोजी बिल्बाओ येथे त्याचे निधन झाले. स्पॅनिश खेळाडूंमध्ये हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्यास त्याच्या नावाचे पारितोषिक देण्याची प्रथा त्याच वर्षापासून सुरू झाली. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी अर्जेंटिनाच्या लिओनेल मेस्सीने त्याचा विक्रम मोडला. मात्र त्यासाठी मेस्सीला २८९ सामने लागले होते. थार्राचे सामने २८० हूनही कमी होते.

विक्रम मोडण्यासाठीच असतात, असे म्हणण्याची प्रथा आहे. ते खरेही असेल. पण विक्रम मोडला म्हणून त्याचा अर्थ मोडत नाही. युद्धाने ओस पडलेल्या एका संघाने, बाहेरून कोणाला न आणता, आपल्याच गावांतील मुलांच्या बळावर पुन्हा उभे राहून दाखविले, याचा २५१ हा पुरावा आहे. त्याखाली सही थार्राची असली, तरी मजकूर पाच जणांनी मिळून लिहिलेला आहे.