गोष्ट कोण ऐकतं?

मुलांनो, ‘इमॉर्टल्स फिनिक्स रायझिंग’ (२०२०) या व्हिडिओ गेममध्ये ग्रीक देवांच्या बेटावर मनाला येईल तिकडे हिंडता येतं. टायफॉन राक्षसाने देवांना हरवलेलं असतं. फिनिक्स त्यांना कसं सोडवते, ते प्रॉमिथियस देवराज झ्यूसला सांगतो.

त्याच वर्षी पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी’ हा गेम काढला. त्यात असं मोकळं हिंडता येत नाही. राक्षसांनी पळवलेल्या गोलूला शोधायला त्याची बहीण राजी निघते. ही गोष्ट दुर्गा आणि विष्णू यांच्या बोलण्यातून उलगडते.

एकाने सांगायचं, दुसऱ्याने विचारायचं, ही आपलीही जुनी रीत. महाभारताचं युद्ध संजय आंधळ्या धृतराष्ट्राला सांगतो. धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा विचारतो, कारण रणांगणावर त्याचीच मुलं असतात. झ्यूसचंही तसंच: संकटात सापडलेले अथेना आणि एरीस त्याचीच मुलं!

शब्दार्थ: रणांगण – लढाईची जागा, उलगडणे – हळूहळू कळत जाणे.

स्वाध्याय: एडिसनहून आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा त्यांच्या लहानपणची एक गोष्ट मराठीतून ऐका. मध्ये तीन प्रश्न विचारा. त्या गोष्टीत तुमचंच माणूस आहे.

पालकांनो, प्रश्न मुलांनाच विचारू द्या.