बुरूज, कठडा आणि ओसरी

(शास्त्रवाचन : लूक १४:२५-३३, अनुवाद २२:८, २ राजे ४:८-१०)

म्हैसूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर नावाचे गाव आहे. कन्नड भाषेत 'बेट्ट' म्हणजे डोंगर. तेव्हा नावाचा अर्थ 'डोंगराचे पूर' एवढाच. शंकूच्या आकाराचा तो डोंगर, त्याच्या माथ्यावरील मल्लिकार्जुनाचे जुने देवालय आणि पायथ्याशी गाव. आसपासच्या शेतांत तंबाखू होतो. त्या शेतांमधून उंच, चौकोनी, खिडक्या नसलेल्या खोल्या उभ्या दिसतात. तंबाखूची हिरवी पाने आत टांगून उष्ण हवेने वाळवतात. दुरून पाहणाऱ्यास त्या बुरुजांसारख्या भासतात.

त्या गावी माझ्या परिचयाचे एक मराठी ख्रिस्ती दांपत्य निवृत्तीनंतरचे घर बांधीत होते. म्हैसूर शहरात नोकरीची सारी वर्षे भाड्याच्या घरात गेलेली. त्यामुळे स्वतःच्या घराविषयी दोघांच्याही मनात फार काही साठलेले होते. भेटीस गेलो तेव्हा त्यांनी माझ्यापुढे ठेकेदाराचा अंदाजपत्रकाचा कागद ठेवला आणि विचारले, "भाऊ, लूकच्या चौदाव्या अध्यायातला तो बुरूज बांधणारा माणूस आमच्याजागी असता, तर त्याने काय केले असते?" प्रश्न थट्टेचा होता, पण शेतातील ते बुरूज नुकतेच पाहून आल्यामुळे मला तो थट्टेचा वाटला नाही. ह्या पाठात त्याच प्रश्नाचा मागोवा घेऊ.

प्रभूने वापरलेला मूळ ग्रीक शब्द 'पुर्गोस' असा आहे. 'बुरूज' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो आणि हा दाखला राजेरजवाड्यांचा आहे असे त्यास वाटू लागते. राजा तर पुढच्या दाखल्यात, एकतिसाव्या वचनात येतो. हाच 'पुर्गोस' मार्क १२:१ मध्ये द्राक्षमळ्याच्या राखणीसाठी बांधलेल्या इमारतीस लावला आहे. तेव्हा प्रभूच्या श्रोत्यांना आपल्यासारखाच कोणी शेतकरी, आपल्या मळ्यात काही पक्के बांधकाम काढू पाहणारा, दिसला असण्याचा पुष्कळ संभव आहे. ह्या माणसाच्या हाती असलेला पैसा मोजका आहे आणि शेजारीपाजारी पाहत आहेत.

तो प्रथम काय करतो? तो बसतो. 'बसून' हे क्रियापद भाषांतरात सहज निसटून जाते, पण लूकने ते दोन्ही दाखल्यांत जपले आहे. राजाही आधी बसतो. मग तो खर्च मोजतो. 'मोजणे' ह्यासाठी आलेले 'प्सेफिझो' हे क्रियापद 'प्सेफॉस', म्हणजे खडा, ह्या शब्दापासून झाले आहे. प्राचीन लोक खडे मांडून हिशेब करीत. प्रकटीकरण २:१७ मधील पांढरा खडा हाच. एकेका खर्चासाठी एकेक खडा पुढे सरकवणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. तो मनातल्या मनात आकडा धरीत नाही, बोटांनी मोजतो.

ह्या ठिकाणी सर्वांत महत्त्वाचा शब्द मात्र वचनाच्या शेवटी आहे : 'अपार्तिस्मोस'. नव्या करारात तो इतरत्र कोठेही आढळत नाही. त्याचा अर्थ केवळ बांधणे नव्हे, तर पूर्णत्वास नेणे असा आहे. म्हणजे त्या माणसाचा प्रश्न 'बांधू शकेन काय?' असा नाही. 'शेवटास नेऊ शकेन काय?' असा आहे. आपल्याकडे गावोगावी घरांच्या स्लॅबवर दुसऱ्या मजल्याच्या आशेने सोडलेल्या सळया गंजत उभ्या असतात. पहिला पाऊस पडला, दहावा पडला, मजला काही चढला नाही. तिसाव्या वचनातील हसणारे लोक आपल्या परिचयाचेच आहेत.

आता तो बेट्टदपुरचा कागद पाहू. आकडे तुमच्या गावी वेगळे असतील. रीत तीच राहील. दांपत्याजवळ सर्व मिळून २४ लाख रुपये होते. ठेकेदाराने १,०५० चौरस फुटांचे घर, फुटास २,००० रुपये दराने, २१ लाखांत सांगितले होते. तीन लाख शिल्लक उरतात म्हणून दोघेही निर्धास्त होती, आणि बाईंनी शिल्लकेतून ओसरीसाठी सागवानी झोपाळा व वेताच्या खुर्च्या मनात घेऊन ठेवल्या होत्या. आम्ही खाली बसलो आणि कागदात काय नाही ते लिहू लागलो. विंधनविहीर व पंप १,८०,०००. कुंपणाची भिंत व फाटक २,२०,०००. मैल्याची टाकी ९०,०००. वीजजोडणी व बाहेरची तारजोडणी ६०,०००. गच्चीचा कठडा व जिन्याचे कठडे ९५,०००. कौलारू ओसरी, तिची फरशी व बैठक १,४०,०००. बेरीज ७,८५,००० झाली. शिलकेचे तीन लाख वजा जाता ४,८५,००० ची तूट निघाली. घर त्याच कागदावर होते, जमीन तीच होती. फक्त खडे सगळे मांडले गेले.

गृहस्थ म्हणाले, "कठडा आणि ओसरी पुढच्या वर्षी करू. आधी राहायला तर जाऊ." बहुतेक कुटुंबांत हेच ठरते. मी मात्र तेथे गप्प राहू शकलो नाही, आणि त्याचे कारण सांगितल्यावाचून हा पाठ पुढे नेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

सन २००३ मध्ये मी स्वतः लहानसे घर बांधले. अखेरच्या हप्त्यात पैसे अपुरे पडले. कठडा पुढे ढकलला, आणि उरलेल्या रकमेतून व्हरांड्यासाठी कोरीव झोपाळा आणला. आल्यागेल्याला तो दिसणार होता, गच्ची कोण पाहतो? सात महिन्यांनी संक्रांतीच्या सुटीत माझा आठ वर्षांचा भाचा पतंग उडवीत मागे मागे सरकत गेला आणि खाली पडला. देवाने त्याचा जीव राखला. मांडीचे हाड मोडले होते. दोन शस्त्रक्रिया झाल्या. आज तो मिळवता तरुण आहे, परंतु पावसाळी हवेत त्याचा पाय अजून दुखतो. माझ्या बहिणीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. आणि ऐका : त्याच वर्षी आम्ही काही भाषांतरकार अनुवाद २२:८ मधील एका शब्दावर संपूर्ण दुपार चर्चा करीत बसलो होतो.

तो शब्द 'मअके'. इब्री जुन्या करारात तो ह्या एकाच वचनात येतो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, म्हणजे कोणी तेथून पडल्यास त्या घरावर रक्ताचा दोष येणार नाही, अशी ती आज्ञा आहे. आमचा वाद 'कठडा' म्हणावे की 'बुटकी भिंत' आणि 'धाबे' म्हणावे की 'गच्ची' ह्याचा होता. खानदेश-मराठवाड्याच्या वाचकास धाब्याचे घर किंवा माळवद माहीत आहे. कोकणातील कौलारू छपरावर कोणी झोपायला जात नाही. आणि शहरातील मुलांना 'धाबा' म्हटले की महामार्गावरचे जेवण आठवते. दुपारच्या अखेरीस शब्द ठरला. ज्याचे शब्द जुळविले, त्याची वीट मात्र मी बसवली नव्हती.

वचनाकडे पुन्हा पाहा. पडणारा कोण, घरचा की पाहुणा, शहाणा की निष्काळजी, हे नियमशास्त्र विचारीत नाही. मूळ शब्द फक्त 'पडणारा' असा आहे. त्या काळी गच्ची ही घराची बाहेरची बैठकच होती : राहाबेने तेथे अंबाडीच्या काड्या पसरल्या होत्या (यहोशवा २:६), लोक तेथे मांडव घालीत (नहेम्या ८:१६), पेत्र तेथे प्रार्थनेस चढला (प्रेषितांची कृत्ये १०:९). जेथे माणसे बसणार, तेथील धोक्याचा हिशेब घराच्या धन्याकडे आहे, आणि तो घर नवे असतानाच चुकता करायचा आहे. पुढे यहूदी परंपरेने ह्या कठड्याची उंची निदान दहा पंजांची रुंदी, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर, ठरविली. आपली राष्ट्रीय इमारत संहिता किमान एक मीटर सांगते. उभे गज लावल्यास मुलाचे डोके जाणार नाही इतके जवळ लावावेत. आडवे गज लावू नयेत, मुले त्यांची शिडी करतात.

बेट्टदपुरच्या कागदावर मग दुसराच मार्ग निघाला. कठडा राहिला, घर लहान झाले. एक खोली कमी करून १,०५० चे ७५० चौरस फूट केले : सहा लाख वाचले. मागच्या बाजूस भिंतीऐवजी जिवंत कुंपण घेतले : ८५,००० वाचले. आता घर १५ लाख, इतर कामे ७ लाख, आणि हाती २ लाख, तेही अनपेक्षित खर्चासाठी राखलेले. विंधनविहिरीस पाणी किती खोल लागेल हे कोणी आधी सांगू शकत नाही, म्हणून ह्या दोन लाखांना झोपाळ्याच्या नावाने हात लावायचा नाही असे ठरले. त्या गृहस्थांना खोली गेल्याचे दुःख झाले. ती मुलगा येईल तेव्हासाठी होती. ते दुःख खरे होते आणि मी ते हलके करू पाहिले नाही.

हिशेबातील आणखी एक खडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो : मजुरी. यिर्मया २२:१३-१४ मध्ये यहोयाकीम राजास झालेला धिक्कार वाचा. प्रशस्त माड्या, रुंद खिडक्या, गंधसरूची तक्तपोशी, वर हिंगुळाचा रंग. आणि काम करणाऱ्यास वेतन नाही. संदेष्टा वास्तुशिल्पावर रागावलेला नाही. आपल्याकडे ठेकेदारास हप्ता मिळतो, पण त्याच्या हाताखालील गवंड्यास व वाळू उचलणाऱ्या बाईस आठवड्याचे पैसे मिळाले की नाही हे घरमालक सहसा विचारीत नाही. विचारावे. याकोब ५:४ आपल्या अंगणापासून दूर नाही.

आता ओसरीकडे वळू. तिच्याविषयी मला अधिक ममता आहे. बेट्टदपुरसारख्या गावांतील जुन्या घरांना पुढे 'जगली' असते : रस्त्याला लागून उंच ओटा, त्यावर छप्पर उतरलेले, खांब लाकडी. वाटसरू विचारल्यावाचून तेथे टेकू शकतो. अब्राहाम मम्रे येथे भर उन्हात डेऱ्याच्या दारात बसला होता (उत्पत्ती १८:१). आतल्या भागात बसला असता तर ते तिघे त्यास दिसले असते काय? ओसरी ही घरातील अशी एकच जागा आहे की जी बाहेरच्यासाठी बांधलेली असते.

तिचे सामान निवडताना शूनेमकरणीचे स्मरण ठेवावे. तिने अलीशासाठी छतावर भिंतींची खोली करविली आणि तीत चार वस्तू ठेवल्या : पलंग, मेज, आसन, दिवा. इब्रीत 'आसना'चा शब्द 'किस्से' आहे, राजाच्या सिंहासनास तोच वापरतात. 'दिव्या'चा शब्द 'मनोरा', निवासमंडपातील दीपवृक्षाचा. भाषांतरात आपण त्यांना खुर्ची व समई करतो आणि ते योग्यच आहे, तरीही तिने मांडलेल्या वस्तूंची नावे तेवढी मोठी आहेत हे जाणून मला दरवेळी आनंद होतो. तिने वस्तू मोजल्या त्या येणाऱ्याच्या गरजेवरून : थकलेला माणूस झोपेल, जेवेल, बसेल, रात्री वाचील.

बाईंना मी हेच विचारले : तुमच्या ओसरीवर कोण येईल? त्या म्हणाल्या, रविवारी संध्याकाळी प्रार्थनेस दहाबारा माणसे, दोन वृद्ध, आणि एरवी शेजारच्या बायका. मग झोपाळा आपोआप मागे पडला. त्यावर दोघे बसतात आणि पाच जणांची जागा जाते. वेत कोडगूकडून येणाऱ्या पावसाच्या झडीत काळवंडून कुजतो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या स्वस्त खऱ्या, पण उन्हात राहिल्या की काही वर्षांत ठिसूळ होऊन वृद्ध माणसाखाली मोडतात. लोखंड दरवर्षी रंग मागते, लाकूड वाळवीपासून जपावे लागते. कर्नाटकात ग्रॅनाइट मुबलक आहे. भिंतीलगत दगडी बाक घातले, ऊन, पाऊस, वाळवी कशाचीच भीती नाही. दगड थंड लागतो म्हणून वर सतरंजी, प्रार्थना झाली की घडी करून आत. वृद्धांसाठी हातांच्या दोन लाकडी खुर्च्या. बाकावरून उठताना त्यांना धरायला काही नसते. जमिनीस गुळगुळीत टाइल नको, ओली झाली की पाय घसरतो. आपल्या परिचयाची शहाबादी फरशी त्याच राज्यातील कलबुर्गी जिल्ह्यातून येते, ती खडबडीत बाजू वर ठेवून घातली. उतार घरापासून बाहेर, शंभर फुटांस एक फूट ह्या बेताने. वर मंगळुरी कौले. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. ख्रिस्ती झाल्यामुळे उपजीविका गमावलेल्यांना काम मिळावे हा त्या उद्योगामागील एक हेतू होता. त्या छपराखाली प्रार्थनासभा भरावी ह्यात मला काही औचित्य दिसते.

येथवर मी लूकच्या दाखल्याचा उपयोग घराच्या हिशेबासाठी केला, आणि चाणाक्ष वाचकाच्या मनात शंका आली असेल. ती बरोबर आहे. प्रभू तेथे घरबांधणी शिकवीत नाही. माणसे घर बांधताना हिशेब करतात हे तो गृहीत धरतो, आणि तेहतिसाव्या वचनात एकदम वळतो : आपल्या सर्वस्वाचा त्याग केल्यावाचून कोणी माझा शिष्य होऊ शकत नाही. तेथील 'अपोतासोमाइ' ह्या क्रियापदाचा मूळ अर्थ 'निरोप घेणे' असा आहे. लूक ९:६१ मध्ये 'मला घरच्यांचा निरोप घेऊ दे' असे म्हणणारा मनुष्य हेच क्रियापद वापरतो. ज्याने आताच खडे मांडून आपल्याजवळ काय आहे ते नीट मोजले, त्याला त्या सर्वांचा निरोप घ्यावयास सांगितले जाते.

हे ऐकल्यावर बेट्टदपुरचे ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि 'कुंपणाची भिंत व फाटक' ह्या ओळीवर बोट ठेवून पत्नीला विचारले, "पुढच्या बाजूची भिंत ओसरीएवढी उंच हवीच का? बसलेल्या माणसाला रस्ता दिसणार नाही, आणि रस्त्यावरच्याला बाक." बाईंनी पेन्सिल घेतली आणि पाच फुटांचे तीन फूट केले.