ठिगळाची चिठ्ठी

वाचण्यापूर्वी

फ्रीजरमधला आइस्क्रीमचा डबा तुम्ही आनंदाने उघडलात आणि आत खवलेलं खोबरं निघालं, असं कधी झालंय का? आई म्हणते, "अरे, विचारायचं तरी!" पण डब्यावर चिठ्ठी असती, तर विचारावंच लागलं नसतं. आज आपण अशाच एका चिठ्ठीबद्दल वाचूया.

पाठ

कपडा फाटला की आपण त्याला ठिगळ लावतो. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला की कंपनी तो दुरुस्त करणारा छोटा प्रोग्राम पाठवते. त्याला पॅच म्हणतात. तुमच्या फोनवर 'अपडेट करा' असं येतं ना, त्यात बरेचदा पॅचच असतात.

पण मोठ्या रुग्णालयात हजारो कॉम्प्युटर असतात. कोणता पॅच कुठे लावायचा, हे लक्षात कसं ठेवणार? म्हणून प्रत्येक पॅचसोबत त्याची चिठ्ठी येते. तिला मेटाडेटा म्हणतात. ही एक खरी चिठ्ठी थोडक्यात पाहा:

- क्रमांक: एमएस17-010 (म्हणजे 2017 सालचा दहावा)
- तारीख: 14 मार्च 2017
- कशासाठी: विंडोज
- गांभीर्य: अतिगंभीर
- रीस्टार्ट: करावा लागेल

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या लोकांकडे खास साधनं असतात. ती ही चिठ्ठी वाचतात, प्रत्येक कॉम्प्युटर तपासतात आणि पॅच कुठे राहिलाय त्याची यादी देतात. नवा पॅच जुन्याची जागा घेत असेल, तर तेही चिठ्ठीत लिहिलेलं असतं.

ही यादी इतकी महत्त्वाची का? 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला झाला. कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर पैशांची मागणी आली. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या 236 पैकी किमान 80 ट्रस्टना त्याचा फटका बसला. हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या.

आता तारखा पुन्हा बघा. पॅच जवळजवळ दोन महिने आधीच आला होता! 'तो लावा' अशा सूचनाही रुग्णालयांना गेल्या होत्या. पण तो कुणी लावला आणि कुणी नाही, हे तपासायची पक्की पद्धतच सरकारी आरोग्य खात्याकडे नव्हती.

ठिगळ तयार असून उपयोग नाही. ते कुठे लागलंय आणि कुठे राहिलंय, हेही माहीत हवं.

शब्दार्थ

ठिगळ – फाटलेल्या जागी लावलेला कापडाचा तुकडा
गांभीर्य – गोष्ट किती गंभीर आहे ते
फटका बसणे – नुकसान होणे

स्वाध्याय

1. पॅच आल्यानंतर किती दिवसांनी हल्ला झाला? मोजा.
2. 'फटका बसणे' वापरून एक वाक्य लिहा.
3. घरातल्या एका डब्यासाठी चिठ्ठी लिहा: नाव, तारीख, कोणासाठी. मग ती आईबाबांना वाचून दाखवा.