‘अपहोल्ड’ : अर्थ आणि वापर

बेळ्ळंदूर तलाव हा बेंगळुरूतील सर्वांत मोठा तलाव. तलावाच्या काठापासून किती जागा बांधकामाविना मोकळी ठेवावी, याविषयी तेथे वाद निर्माण झाला. शहराच्या तत्कालीन विकास आराखड्यानुसार हे अंतर ३० मीटर होते. ४ मे २०१६ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने शहरातील तलावांसाठी ते ७५ मीटर ठरवले. या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. आता तलावाचा काठ आणि काठालगतच्या जमिनी यांचे भवितव्य निकालातील एका क्रियापदावर अवलंबून होते.

खालच्या न्यायालयाचा निर्णय वरिष्ठ न्यायालयाने मान्य केला, की इंग्रजीत ‘अपहोल्ड’ हे क्रियापद योजतात. त्याचा मूळ अर्थ ‘वर धरून ठेवणे’, म्हणजेच पडू न देणे. मराठीत मात्र कर्म बदलले की क्रियापदही बदलते.

१. निर्णय, शिक्षा : कायम ठेवणे. उदा. न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली.
२. तक्रार, हरकत : मान्य करणे. उदा. अधिकाऱ्यांनी ग्राहकाची तक्रार मान्य केली.
३. परंपरा, लौकिक : राखणे, जपणे. उदा. तिने घराण्याचा लौकिक राखला.
४. सार्वभौमता : उन्नत ठेवणे. संविधानातील मूलभूत कर्तव्यांच्या मराठी पाठात ‘उन्नत’ हा शब्द आला आहे. ‘वर धरणे’ हा मूळ अर्थ त्यात स्पष्ट दिसतो.

लक्षात ठेवा : हेच दोन घटक उलट क्रमाने आले की ‘होल्ड अप’ होते. त्याचा अर्थ ‘अडवून धरणे, खोळंबा करणे’ असा आहे. उदा. पावसाने वाहतूक अडवून धरली. ‘निर्णय कायम ठेवला’ याऐवजी ‘निर्णय अडवून धरला’ असे लिहिल्यास वाद मिटला असूनही तो प्रलंबित आहे, असे वाचकाला वाटेल.

‘अपहोल्ड’च्या विरुद्धार्थी ‘सेट असाइड’, म्हणजे ‘रद्द करणे’. बेळ्ळंदूरच्या प्रकरणात हेच घडले. कायद्यानुसार मंजूर झालेला आराखडा बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी ७५ मीटरचा आदेश रद्द केला. तो कायम ठेवला असता, तर काठालगतची आणखी ४५ मीटर जागा मोकळी ठेवावी लागली असती.

पाठगत प्रश्न
योग्य क्रियापद निवडून वाक्ये पूर्ण करा. (कायम ठेवला, राखली, अडवून धरला)
१. दरड कोसळल्याने घाटातील रस्ता ______.
२. उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयाचा निर्णय ______.
३. संघाने आपली प्रतिष्ठा ______.