ध्वनिक्षेपकाची परीक्षा



समजा, तुमच्या मामांना गाणे ऐकण्याचा मोठा नाद आहे. त्यांच्या बैठकीच्या खोलीत ध्वनिक्षेपकांची, म्हणजे ज्यांना आपण स्पीकर म्हणतो त्यांची, एक जुनी जोडी आहे. एके दिवशी ती काढून मामा दुसऱ्या कंपनीची नवी, चांगली महागडी जोडी आणतात. जुन्या तारा नव्या जोडीला लावतात. विवर्धकाचे बटण जेथे होते तेथेच ठेवतात आणि नेहमीचीच ध्वनिमुद्रिका लावतात. लगेच म्हणतात, "वा! डग्गा कसा घुमतो आहे बघ! आणि मागचा तंबोरा तर आज पहिल्यांदाच ऐकू आला!" मामी स्वयंपाकघरातून म्हणतात, "मला तर पूर्वीसारखेच वाटते."

कोणाचे खरे? अशा वेळी वाद घालण्यापेक्षा परीक्षा घेणे बरे. पण ती कशी घ्यायची हे ठरविण्यापूर्वी ध्वनिक्षेपकाचे कार्य थोडक्यात पाहू या.

ध्वनिक्षेपक कसा वाजतो?

आज घरोघरी वापरात असलेल्या ध्वनिक्षेपकाचा पाया चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सापडतो. एका चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे असते आणि ते कागदाच्या किंवा तशाच हलक्या पदार्थाच्या शंकूला चिकटविलेले असते. विवर्धकाकडून येणारा विद्युत्प्रवाह वेटोळ्यातून वाहू लागला की चुंबकीय बलामुळे वेटोळे मागेपुढे सरकते. त्याबरोबर शंकूही हलतो आणि हवेला ढकलतो. हवेतील हे दाबाचे कमीजास्त होणे म्हणजेच ध्वनी.

शंकू पुढची हवा दाबतो त्याच क्षणी त्याच्या मागची हवा विरळ होते. पेटी नसेल तर खालच्या स्वरांचे हे दोन तरंग कडेवरून वळून एकमेकांना मारून टाकतात. म्हणूनच ध्वनिक्षेपक पेटीत बसवावा लागतो. शिवाय खालच्या स्वरांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून शंकू मोठा हवा. वरच्या स्वरांसाठी तो लहान आणि हलका हवा. शंकू किती मोठा, पेटी केवढी, कोणते स्वर कोणत्या शंकूकडे पाठवायचे, या बाबतीत प्रत्येक कंपनीची निवड वेगळी असते. तेव्हा दोन कंपन्यांचे ध्वनिक्षेपक वेगळे वाजतात, हे मामांचे म्हणणे अगदी शक्य आहे. प्रश्न एवढाच की त्यांना जो फरक जाणवला तो ध्वनिक्षेपकामुळेच होता काय? त्यांच्या परीक्षेत तीन घोटाळे होते. ते एकेक करून पाहू.

पहिला घोटाळा : आवाजाची पातळी

सारखीच विद्युत्शक्ती दिली तरी सर्व ध्वनिक्षेपक सारख्याच मोठ्याने वाजत नाहीत. १ वॉट शक्ती देऊन १ मीटर अंतरावर आवाजाची पातळी किती डेसिबेल भरते, यावरून ध्वनिक्षेपकाची संवेदनक्षमता ठरवितात. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात 'एलएस ३/५ए' नावाची एक छोटी पेटी तयार केली. परवाना घेऊन अनेक कंपन्यांनी ती आपापल्या नावाने विकली. तिची संवेदनक्षमता सुमारे ८३ डेसिबेल आहे. उलट पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात तयार केलेली 'क्लिप्शहॉर्न' ही खोलीच्या कोपऱ्यात ठेवायची भली मोठी पेटी १०० डेसिबेलच्याही वर जाते.

आता थोडे गणित करू. डेसिबेलमध्ये १० ची वाढ म्हणजे शक्तीत १० पट वाढ, आणि २० ची वाढ म्हणजे १० × १० = १०० पट वाढ. या दोन पेट्यांतील फरक जवळजवळ २० डेसिबेलचा आहे. म्हणजे जो आवाज दुसरी पेटी १ वॉटमध्ये देईल, त्यासाठी पहिलीला १०० वॉटच्या आसपास शक्ती लागेल! मामांच्या दोन जोड्यांत एवढी तफावत नसेल. पण २-३ डेसिबेलचा फरकही पुरे होतो, आणि गंमत अशी की एवढा फरक असला तर आपल्याला 'मोठा' असे न वाटता 'चांगला' असे वाटते.

असे का व्हावे? हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की हळू आवाजात आपला कान खालच्या स्वरांना बराच कमी दाद देतो. पातळी वाढली की खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा अधिक झपाट्याने भरदार वाटू लागतात. म्हणून डग्गा घुमला. आणि पूर्वी पंख्याच्या घरघरीत बुडून जाणारा तंबोरा त्या घरघरीच्या वर आला. जुन्याच जोडीचे बटण थोडे पुढे सरकविले असते, तर कदाचित तोही तेव्हाच ऐकू आला असता.

दुसरा घोटाळा : खोली

समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर ४ मीटर आहे असे धरा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी ४ मीटर, म्हणजे पूर्ण तरंगलांबी ८ मीटर आहे, त्याची कंप्रता ३४४ ÷ ८ = ४३ हर्ट्झ. हा स्वर त्या दोन भिंतींमध्ये स्थिर तरंग निर्माण करतो. भिंतीजवळ तो जोरात ऐकू येतो, तर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. दुप्पट, तिप्पट कंप्रतेच्या स्वरांचेही असेच स्थिर तरंग होतात, फक्त त्यांच्या जागा निराळ्या.

याचा अर्थ खुर्ची किंवा पेटी एखादा मीटर सरकविली तरी खालचे स्वर बदलतात. पेटी कोपऱ्यात गेली तर ते आणखी वाढतात. नवी पेटी जुन्या जागी मावली नाही म्हणून मामांनी ती कोपऱ्याकडे सरकविली असेल, तर डग्ग्याचे थोडे श्रेय खोलीलाही द्यावे लागेल.

तिसरा घोटाळा : डोळे

हा घोटाळा सर्वांत मोठा. फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत अनेक वर्षे ध्वनिक्षेपकांचा अभ्यास केला. पुढे ते हरमन या अमेरिकन कंपनीत गेले. तेथे त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी केलेला एक प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी कंपनीतीलच ४० माणसांना चार ध्वनिक्षेपक ऐकवून गुण द्यायला सांगितले. एकदा ध्वनिक्षेपक पडद्याआड होते, एकदा डोळ्यांसमोर. पडदा दूर होताच मोठ्या आणि महाग पेट्यांचे गुण वाढले, तर लहान आणि स्वस्त संचाचे उतरले. आवाज तेच होते! ही माणसे ध्वनियंत्रे बनविणाऱ्या कंपनीत काम करणारी होती, हे ध्यानात घ्या. तेव्हा मामांना हसण्याचे कारण नाही. तुमचे, माझे, सर्वांचेच कान डोळ्यांचे ऐकतात.

करून पाहा

तुमच्याकडे ब्लूटूथचे दोन वेगवेगळे छोटे स्पीकर असतील, किंवा दोन वेगळे मोबाइल असतील, तरी ही परीक्षा घेता येते.

१. दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी ठेवा आणि पुढे पातळ चादर टांगा. त्यांना 'क' आणि 'ख' म्हणा.

२. पावसाच्या सरींचे मुद्रण लावा, म्हणजे एकसारखा आवाज मिळेल. ऐकणाऱ्याच्या जागी आवाज मोजणारे ॲप असलेला आणखी एक मोबाइल ठेवा आणि दोन्ही स्पीकरची पातळी सारखी करा. ॲपचा आकडा तंतोतंत बरोबर नसला तरी चालेल. एकाच मापाने दोन्ही मोजले म्हणजे झाले.

३. मदतनिसाने चादरीमागे बसून नाणे उडवावे. छापा पडला तर आधी 'क', काटा पडला तर आधी 'ख' वाजवावा. गाण्याचा तोच अर्धा मिनिटाचा तुकडा दोन्हींवर लागोपाठ वाजवावा, कारण आवाजातील बारकावे आपल्या स्मरणात फार वेळ टिकत नाहीत. मदतनिसाने तोंडातून एक शब्दही काढू नये.

४. ऐकणाऱ्याने फक्त 'पहिला' किंवा 'दुसरा' आवडला एवढे लिहावे.

५. दर फेरीला गाणे बदलून अशा १० फेऱ्या घ्या. ५ फेऱ्यांनंतर स्पीकरच्या जागांची अदलाबदल करा. शेवटी वह्या ताडून 'क' आणि 'ख' यांची मते मोजा.

समजा, 'क' ला ७ मते पडली. 'क' जिंकला काय? घाई करू नका. ऐकणाऱ्याला काहीच फरक कळत नसेल आणि तो नुसताच अंदाजाने लिहीत असेल, तर १० फेऱ्यांची मते २ × २ × २... अशा एकूण १०२४ प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी ३५२ प्रकारांत कोणत्या तरी एकाला ७ किंवा अधिक मते मिळतात. म्हणजे तीन वेळांतून एकदा असे नुसत्या योगायोगानेही घडेल. पण कोणा एकाला ९ किंवा १० मते पडण्याचे प्रकार फक्त २२ आहेत, म्हणजे शेकडा २ च्या आसपास. तेव्हा ९ मते पडली तर आवड खरी असण्याचा संभव पुष्कळ आहे. शंका वाटली तर आणखी १० फेऱ्या घ्या.

नव्या औषधाची परीक्षाही याच तत्त्वावर घेतात. कोणाला औषध मिळाले आणि कोणाला औषधासारखी दिसणारी साधी गोळी, हे रोगी आणि डॉक्टर दोघांपासूनही लपवून ठेवतात.

मामांच्या घरी ही परीक्षा घ्यायची असेल तर नव्याजुन्या जोड्यांतील एकेक पेटी घ्या, तारा बदलताना विवर्धक बंद करा आणि पातळी जुळविण्यासाठी बटणाच्या दोन जागांवर खुणा करून ठेवा. कदाचित नवी जोडीच जिंकेल आणि मामांचे पैसे सत्कारणी लागल्याचे सिद्ध होईल. कदाचित जुनी जिंकेल. निकाल काहीही लागो, एकदा मामींनाही चादरीपुढच्या खुर्चीवर बसवा. त्यांच्या वहीत काय निघते ते पाहण्यासारखे असेल.