शीळफाट्याला घर घ्यायचंय, एजंट हवा का?

प्रश्न : शीळफाटा परिसरात घर घेताना एजंट घ्यावा, की थेट व्यवहार करावा?

उत्तर : इमारत नवी की जुनी, यावर ते ठरतं. नव्या प्रकल्पात थेट बिल्डरच्या कार्यालयात जाता येतं. तिथे एजंटचं कमिशन सहसा बिल्डरच देतो. रिसेलला मात्र परिसर जाणणारा माणूस उपयोगी पडतो. शीळ, डायघर ठाणे महापालिकेत, तर पुढे काटई, निळजे कल्याण-डोंबिवलीत. इमारत कोणत्या हद्दीत आहे, पाण्याचा टँकर कुठे येतो, सोसायटीची थकबाकी किती, हे अशा माणसाला ठाऊक असतं. दलाली साधारण एक ते दोन टक्के. ती आधीच लेखी ठरवावी.

एजंटची महारेरा नोंदणी मात्र पाहावीच. नोंदणीशिवाय महारेरा-नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्याला दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो.

पण कागदांची खातरजमा एजंटवर सोडू नये. ४ एप्रिल २०१३ रोजी याच परिसरात लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणीही मिळवली होती. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा कर्जाचे हप्ते भरणारी कुटुंबं त्यांत राहत होती.

म्हणून बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन ग्राहकाने स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जावं. सातबारा आणि टायटल स्वतंत्र वकिलाकडून तपासावं. एजंटने सुचवलेला वकील नको. टोकनचा चेक त्यानंतरच.